गोगलगायी दर पावसाळ्यात परत का येतात? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागासाठी

मृगाचा पाऊस होऊन सोयाबीन वर आलं की आमच्या कृषी सेवा केंद्रात एकच तक्रार सुरू होते. "गेल्या वर्षी औषध टाकलं होतं, तरी परत आल्या." निपाणीकडचा ऊस-सोयाबीनवाला असू दे, येळ्ळूर-वडगावचा भाजीवाला असू दे, नाहीतर खानापूरकडचा भातवाला. तक्रार तीच आणि मागणीही तीच. "यंदा जरा कडक काहीतरी द्या."

कडक औषध विकायला मला काय जड आहे? पण ते घेऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा त्याच तक्रारीनं येणार, हेही मला ठाऊक आहे. गोगलगाय पिकात राहत नाही, पिकात ती फक्त खायला येते. तिचा मुक्काम बांधावर, दगडांच्या ढिगात, उसाच्या पाल्याखाली, पाणंदीच्या कडेच्या झुडपात. आपण औषध टाकतो पिकात, आणि तेसुद्धा जुलैत, तिची अंडी घालून झाल्यावर. मग ती परत येणार नाही तर काय होणार?

आधी बघा, खाणारी गोगलगायच आहे का

कोवळी रोपं गायब झाली की सगळा आळ गोगलगायीवर येतो. रोपं कातरणारी अळी, नाकतोडे, उंदीर, आणि आता मोरसुद्धा हेच काम करतात. अळी रोप जमिनीलगत कापते आणि बऱ्याचदा कापलेला तुकडा तिथंच पडलेला सापडतो. मोर ओळीनं टोकरत जातो. गोगलगायीची खूण म्हणजे चमकणारा वाळलेला चिकट पट्टा. सकाळी ऊन तिरपं असताना पानावर, ढेकळावर, ठिबकच्या नळीवर तो चंदेरी दिसतो. दुपारी बघायला गेलात तर दिसणार नाही. पानाला पडलेली भोकं वेडीवाकडी असतात आणि नुकसान बांधाकडून आत सरकत आलेलं असतं. शेताच्या मधोमध सारखं नुकसान आणि कडेला पीक शाबूत, असं असेल तर दुसरं काहीतरी शोधा.

तरी शंका राहिली तर पाऊस उघडल्यावर रात्री आठच्या पुढं बॅटरी घेऊन जा. शेजारचा "काय शोधायलायस रे एवढ्या रात्री?" म्हणून ओरडेल, ओरडू दे. बॅटरीच्या उजेडात दिसतं ते असं: मोठी गोगलगाय सोयाबीनच्या रोपावर चढते, तिच्या वजनानं रोप आडवं होतं, आणि मग जमिनीवर पडलेला तो शेंडा ती सावकाश खरवडत संपवते. तिच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. जवळ कान नेला तर खरवडल्याचा आवाजसुद्धा येतो. दोन्ही दलं (उगवतानाची पहिली जाड पानं) आणि मधला शेंडा गेला की ते रोप पुन्हा फुटत नाही. म्हणून उगवणीपासूनचे पहिले १५ ते २० दिवस धोक्याचे. पीक गुडघ्याला आलं की ती पानं खाईल, पण पीक मोडणार नाही.

भातवाल्यांसाठी एक गोष्ट. पाणी भरलेल्या वाफ्यात जी गोल गोगलगाय दिसते, जिच्या तोंडाला कडक झाकण असतं, ती पाण्यातली वेगळी जात. आपल्याकडच्या भाताला तिच्यामुळं मोठं नुकसान होत नाही, तिच्या नावानं औषध घेऊ नका. जमिनीवरच्या शंखी गोगलगायीला असं कायमचं झाकण नसतं. ती चिखलणी केलेल्या पाण्यात टिकत नाही, पण धूळवाफ (कोरड्या जमिनीतल्या) पेरणीत आणि तरवाच्या, म्हणजे रोपांच्या, गादीवाफ्यावर मात्र येते.

ही आली कुठून

तपकिरी पट्ट्यांचा, लांबट टोकदार शंख असलेली ही आफ्रिकन शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकानं ती मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली, आणि पुढं ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तिनं सोयाबीनचे फडच्या फड साफ केले, तेव्हा मराठी पेपरांत रोज बातमी होती. आपल्याकडं त्याच्याही आधीपासून ती आहे. कानडी पत्रकात 'बसवनहुळू' लिहिलेलं दिसलं की समजा, गोगलगायीबद्दलच आहे.

ती स्वतःहून फार लांब चालत नाही. आपणच तिला नेतो. शेणखताच्या ट्रॉलीतून, नर्सरीच्या रोपांच्या पिशवीतून, विटा-दगड-वाळूतून, उसाच्या बियाण्यातून. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या काठाला पुराच्या लोंढ्याबरोबर पालापाचोळा येतो, त्यातूनही येते. बळ्ळारी नाल्याचं पाणी ज्या शिवारात घुसतं तिथल्या लोकांनीही ओसरलेला कचरा बांधावर तसाच ठेवू नये. बाहेरून आणलेलं शेणखत थेट शेतात न विस्कटता आधी एका जागी ओतून दोन-तीन दिवस बघा. एवढी सवय लावली तरी नवा शिरकाव बराच थांबतो.

जुलैतलं औषध वाया का जातं

प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. दोघींची जोडी जमली की दोघीही अंडी घालू शकतात, आणि एकदा जमलेलं बीज शरीरात साठवून नंतर पुन्हा घालतात. एका खेपेला १०० ते ४०० अंडी. ओलसर भुसभुशीत मातीत थोड्याच खोलीवर, साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, पुंजक्यानं. साधारण ८ ते १५ दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. उन्हाळ्यात ही मरत नाही. शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करून घेते आणि महिनोन्महिने, वेळ पडली तर वर्षाहून जास्त, अशीच पडून राहते. वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की पापुद्रा फोडून बाहेर.

आता हिशोब मांडा. वळीव एप्रिल-मेमध्ये. तेव्हाच ती उठते, खाते, जोडी जमवते. पेरणी जूनमध्ये. तुमचं सोयाबीन उगवेपर्यंत पहिली अंडी मातीत गेलेली असतात. तुम्ही जुलैत गोळ्या टाकता, मोठ्या मरतात, तुम्ही खूश. अंड्यांना गोळीचं काहीही होत नाही. ऑगस्टपर्यंत पिल्लं फिरायला लागतात, ती बारीक असल्यानं आणि पीक वर गेल्यानं तुमच्या नजरेत येत नाहीत. दिवाळीनंतर तीच पिल्लं बांधात शिरून झोपतात. पुढच्या मृगाला हजर.

आणि एक. अळीचं औषध हिच्यावर चालत नाही. गोगलगाय कीटक नाही, शिंपल्याच्या कुळातली आहे. दरवर्षी कोणीतरी सोयाबीनवर अळीचं औषध दाट करून मारतो आणि मग "काही फरक नाही" म्हणून येतो. फरक पडतो, पण उलटा. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात, त्या मरतात. भारद्वाज पक्षी शंख फोडून खातो, तो अशा शिवारात उतरेनासा होतो.

उन्हाळ्यातलं काम, जे कोणी करत नाही

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक वेळ म्हणजे मार्चपासून वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंत. ती हलत नाही, पळत नाही, एका जागी ढिगानं सापडते. बांधावरचा दगड उलटा करा. सावलीच्या बाजूला, ओल धरलेल्या मातीत पाच-दहा शंख एकमेकांना चिकटून बसलेले असतात, प्रत्येकाच्या तोंडाला तो पांढरा कागदासारखा पापुद्रा. विहिरीच्या काठाचे दगड, पंपशेडच्या मागची भिंत, आंब्याच्या खोडाचं बेचकं, केळीचं बेट, कुंपणाच्या निवडुंगाखाली, जुन्या कडब्याच्या गंजीचा तळ, ह्या जागा हमखास. पोरांना लावू नका, कारण पुढं सांगतो.

उन्हाळी नांगरट खोल घ्या आणि बांधालगतची दोन-तीन फूट पट्टीही सोडू नका. आपल्याकडं नांगर बांधाजवळ फिरवताना वाचवून जातो आणि नेमकी तीच पट्टी तिचं घर. उघडी पडलेली अंडी उन्हानं वाळतात, वर आलेले शंख गोळा करता येतात.

उसाच्या पाल्याचा प्रश्न जरा अवघड आहे. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाला पसरला तर ओल टिकते, जमीन सुधारते, आणि मी कोणालाही पाला पेटवा म्हणून सांगणार नाही. पण त्याच पाल्याखाली गोगलगायींना बारमाही सावली आणि कालव्याचं पाणी मिळतं. माझं मत असं: शेजारी सोयाबीन, भुईमूग, भाजी घ्यायची असेल तर त्या बाजूची निदान तीन-चार फूट पट्टी पाल्याविना ठेवा, आणि पाला सऱ्यांच्या मधोमध दाबून घ्या. रायबाग-अथणीकडं पाऊस कमी, तरी गोगलगाय टिकते ती ह्या उसाच्या ओलीमुळं.

पहिला पाऊस ते पीक तीन आठवड्यांचं होईपर्यंत

खरी लढाई ह्या दिवसांतली. वळवाचा मोठा पाऊस पडला त्याच संध्याकाळी सुरुवात करायची, पेरणीची वाट बघायची नाही.

गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधालगत पसरा, सात-आठ पावलांवर एक. गूळ गुऱ्हाळाचा हलका, काळपट चालतो. पोत्याखाली कोबीची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला, पपईची पानं टाकली तर आणखी बरं. बेळगावच्या भाजीपट्ट्यात हे फुकटात मिळतं. सकाळी ऊन चढायच्या आत पोतं उचला. खाली जमलेल्या सगळ्या चिमट्यानं नाहीतर हातमोजे घालून बादलीत. बादलीत साबणाचं दाट पाणी किंवा मिठाचं पाणी. मेल्यावर खड्ड्यात टाकून वर चुना आणि माती घट्ट दाबा. नुसतं पायाखाली चिरडून बांधावर फेकू नका. पोटात अंडी असलेली गोगलगाय चिरडली तरी अंडी मातीत राहतात.

पोती रोज तिथंच भिजवा. दोन दिवस करून सोडलं तर उपयोग नाही. सापडणाऱ्यांची संख्या घटत जाते, आणि ती जवळजवळ शून्यावर आली की पेरा. शक्य असेल तर सोयाबीनलाही हेच करा, पण वापसा (पेरणीजोगी ओल) कोणासाठी थांबत नाही. निदान पोती पेरणीच्या आधी सुरू झालेली असू देत.

मीठ शेतात टाकायचं नाही. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी बांधावरून मिठाची रेघ ओढतो. पहिल्या पावसात ते विरघळून सरीत उतरतं आणि पीक करपतं. मीठ फक्त बादलीत, आणि ते पाणी पुन्हा शेतात ओतायचं नाही.

चुन्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. ताज्या, कोरड्या चुन्याचा चार-पाच बोटं रुंद पट्टा ती ओलांडत नाही, कारण तिचं अंग भाजतं आणि पाणी शोषलं जातं. पण हा पट्टा कोरडा आहे तोवरच. आपल्या पश्चिमेकडच्या पावसात तो एका रात्रीत गेला. भिजून, हवेत राहून मुरलेला चुना तिला भाजत नाही, उलट शंख बनवायला तिला चुना लागतोच. घराच्या भिंतीचा रंग खरवडलेला दिसतो तो ह्याच कामासाठी. म्हणून चुना हा रोपवाटिकेभोवती, शेडच्या आत, उघडिपीत. दोन-चार एकर शिवाराला त्यावर खर्च करू नका.

औषध घ्यायचंच असेल तर

मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या, एकरी २ किलो. हे नेहमीच्या शिफारशीतलं प्रमाण, पुड्यावरची माहिती वाचूनच वापरा. गोळी खाल्ल्यावर गोगलगायीच्या अंगातून चिकट द्रव भसाभसा बाहेर पडतो, ती कोरडी पडते आणि लुळी होते. लुळी झाली म्हणजे मेली असं नाही. त्यावर पाऊस पडला, अंगात पाणी गेलं, तर बरीच उठून चालायला लागतात. "गोळ्या बोगस निघाल्या" ह्या तक्रारीतल्या निम्म्या तरी ह्याच असतात. म्हणून रात्री गोळी, सकाळी गोळा करणं, हे जोडीनंच.

एकरभर सारख्या फेकू नका. बांधाच्या आतून कडेनं, जिथं पोती ठेवत होतात त्या जागी, कवल किंवा नारळाची करवंटी पालथी करून त्याच्याखाली थोड्या थोड्या ठेवा. पाऊस लागत नाही आणि जास्त टिकतात. कोंड्याचा वास असतो, कुत्री आणि कोंबड्या खातात. कुत्रं थरथरायला लागलं, तोल गेला, तर घरगुती उपाय करत बसू नका, पुडा सोबत घेऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं जा. गुरं बांधावर चारायला सोडत असाल तर गोळ्या त्या बाजूला नकोच.

जुन्या पत्रकातून कोंडा, गूळ आणि मिथोमिल मिसळून आमिष करायची कृती अजून फिरते. मिथोमिलवर २०२३ साली देशात बंदी आली. कोणी जुना साठा दिला तरी घेऊ नका. त्या कृतीतला कोंडा, गूळ आणि थोडं यीस्ट एवढाच भाग ठेवा. विषाविना तेच आमिष पोत्याखाली ठेवलं तर गोगलगायी तितक्याच जमतात, मग हातानं उचला.

निपाणी भागात तंबाखूचा चुरा सहज मिळतो, म्हणून एक केरळची पद्धत सांगतो. २५ ग्रॅम तंबाखू दीड लिटर पाण्यात उकळून लिटरभर करायचा, गाळायचा. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मोरचूद (तांब्याचं निळं मीठ, कॉपर सल्फेट) विरघळवायचं. दोन्ही एकत्र करून पोत्याखाली जमलेल्या गोगलगायींवर थेट फवारायचं. पिकावर नाही, मोरचूद एवढं दाट आहे की पानं जळतील. मोरचूदाचं भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नको. तंबाखूचं पाणी कातडीतून भिनतं, हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

पपई, काजू, सुपारीच्या बागेत खोडाला बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. तांब्यावरून चढायला ती टाळते. खोडाला टेकलेल्या फांद्या आणि गवत काढलं नाही तर मात्र ती दुसऱ्या वाटेनं वर जाते.

भाजीत, रोपवाटिकेत, शेडमध्ये

इथं शंखाविनाची गोगलगाय जास्त त्रास देते. काळपट, चपटी, पाठीवर मधोमध फिकट रेघ. दिवसा मल्चिंग पेपरच्या कडेखाली, ट्रेच्या तळाशी, ठिबकच्या जोडाजवळ. शंख नसल्यानं फटीत कुठंही शिरते आणि मोठीच्या गोळ्यांनी हिचा बंदोबस्त नीट होईलच असं नाही. इथं सगळ्यात जास्त फरक पाण्याच्या वेळेनं पडतो. संध्याकाळी पाणी देणं बंद करा, सकाळी द्या, म्हणजे रात्री वरची माती कोरडी राहते. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडवावर ठेवा. कोथिंबीर, मेथी, कोबीला आठवड्यातून दोनदा मल्चिंगची कड उचलून बघा. खाण्याच्या पालेभाजीवर कसलीही गोळी टाकायची नाही, हे सांगायला नको.

पोरांना गोळा करायला का लावू नये: उंदरांच्या फुफ्फुसात राहणारा एक कृमी गोगलगायीत वाढतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. उघड्या हातानं उचलू नका, काम झालं की साबणानं हात धुवा, आणि चिकट पट्टे दिसलेली भाजी कच्ची खाऊ नका.

एवढं करूनही परत आल्या तर

मग त्या तुमच्या शेतातल्या नाहीत, शेजारच्या पडीकातल्या आहेत. बांध दोघांचा असतो आणि तो कोणीच साफ करत नाही. एकट्यानं कितीही गोळा केल्या तरी पलीकडून भर पडत राहते. आपल्याकडं गल्लीवार गणपतीची वर्गणी जमते, पाणंदीवरून दोन पिढ्यांची भांडणं चालतात, पण बांध एकत्र साफ करायला माणसं मिळत नाहीत. निदान एका पाणंदीवरच्या सगळ्या शेतांनी वळवाच्या पहिल्या पावसानंतर एकाच आठवड्यात पोती टाकावीत. पडीक मालक बेळगावात किंवा पुण्यात असेल तर त्याला फोन करून परवानगी घ्या आणि बांधापासून आतली वीस-पंचवीस फूट पट्टी तुम्हीच साफ करा. भांडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

महाराष्ट्रात जाहीर झालेली मदत किंवा अनुदान आपल्याला लागू नाही, ते विचारायला पलीकडच्या तालुक्याला जाऊ नका. आपलं ठिकाण म्हणजे होबळीचं (तालुक्यातल्या आपल्या महसुली विभागाचं) रयत संपर्क केंद्र, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याचं कार्यालय. जाताना एकट्यानं जाऊ नका, पाणंदीवरचे चार-सहा जण मिळून जा. सर्व्हे नंबर, पिकाचं नाव, पेरणीची तारीख, चिकट पट्ट्याचे आणि गेलेल्या ओळींचे फोटो, आणि झाकणाच्या बरणीत दोन गोगलगायी, एवढं बरोबर ठेवा. अर्ज कानडीत द्यावा लागेल, लिहून देणारा सोबत न्या, आणि पोच घेतल्याविना परत येऊ नका. जास्त खोलात जायचं असेल तर मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ आहे. तिथं विचारताना "औषध कुठलं" एवढंच विचारू नका. तुमच्या शिवारात पोत्याखाली रोज किती सापडतात आणि कुठल्या बांधाला जास्त, हे सांगितलंत तर उत्तरही तसं नेमकं मिळतं.